लेथवरील टूलची निवड

लेथ या यंत्रावर फिरणाऱ्या जॉबला (कापायच्या धातूच्या तुकड्याला) हवा तो आकार देण्यासाठी टूलचा (कापणाऱ्या हत्याराचा) धातू, कोन आणि टोक ठरवणे, याला टूलची निवड म्हणतात. जॉब कशाचा आहे, कट सलग की तुटक, आणि लेथ मिनिटाला किती फेरे देतो, यांवर ती ठरते. टूल जितके कठीण तितके चांगले, हा समज चुकीचा आहे. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या लेथवर) एकसारखे नग निघतात. मांडवी-जुवारीकाठी बार्ज आणि ट्रॉलरच्या दुरुस्तीत झिजलेला एकच शाफ्ट (फिरणारा दांडा) किंवा बुश (त्याभोवतीची नळी) येतो. दोन्हीकडचे टूल एक नसते.

हायस्पीड स्टीलची (एचएसएस) धार सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि ते धक्का सोसते. कार्बाइड त्याहून बरीच जास्त उष्णता सोसते, पण ठिसूळ असते. माइल्ड स्टीलला एचएसएससाठी मिनिटाला २५ ते ३० मीटर कटिंग स्पीड (जॉबचा पृष्ठभाग धारेसमोरून सरकण्याचा वेग) धरतात, कार्बाइडसाठी १५०च्या आसपास. मिनिटाचे फेरे = १००० × स्पीड ÷ (३.१४ × व्यास मिमी). म्हणजे ५० मिमी शाफ्टला एचएसएसने ३० मीटरवर १९० फेरे, कार्बाइडने सुमारे ९५५. जुना पट्ट्याचा लेथ तेवढा फिरत नसेल तर कार्बाइडवर चिप (कापून निघालेला धातू) चिकटते आणि सुटताना धारेचा कण उपटून नेते. अशा लेथवर नीट धार लावलेले एचएसएसच सरस.

ट्रॉलरच्या शाफ्टला बरेचदा ३१६ स्टेनलेस असते. टूल नुसते घासले की त्याचा पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट त्या कडक थरातच अडकतो. म्हणून धार तीक्ष्ण हवी, फीड (दर फेऱ्याला टूल पुढे सरकते ते अंतर) ०.१ मिमीपेक्षा कमी नको, आणि कट चालू असताना फीड थांबवायची नाही. गनमेटलच्या (तांबे-कथलाच्या मिश्रधातूच्या) बुशला याच्या उलट: वरचा रेक कोन (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) शून्य ठेवावा, नाहीतर टूल आपोआप आत ओढले जाते. बिडाच्या ओतकामाला पहिला कट वाळूच्या कडक सालीखाली जाईल इतका खोल घ्यावा.

सर्वांत अवघड काम वेल्डिंगने भरून काढलेल्या शाफ्टचे. उंचसखल थर, अडकलेला स्लॅग (वेल्डिंगची मळी), शिवाय चावीचा गाळा (शाफ्टमधली चावी बसवायची खाच) आला की दर फेऱ्याला टूलवर ठोका. इथे पी३०–पी४० अशी कार्बाइडची चिवट ग्रेड, १.२ मिमी नोज रेडियस (टूलच्या टोकाची गोलाई) आणि नेहमीच्या निम्मा स्पीड घ्यावा. कूलंट थेंबथेंब सोडू नये. तापलेली धार अचानक गार झाली की तिला बारीक तडे जातात. एक तर भरपूर सोडावे, नाहीतर कोरडेच चालवावे.

इन्सर्टवरचा (होल्डरमध्ये बसवायच्या बदलत्या कार्बाइड टिपवरचा) आकडा वाचता यायला हवा. सीएनएमजी १२०४०८ म्हणजे ८० अंश कोनाचा समभुज चौकोनी आकार, धार सुमारे १२ मिमी, जाडी ४.७६ आणि नोज रेडियस ०.८ मिमी. ०.२ मिमी फीडला ०.८ रेडियस सुमारे ६ मायक्रॉन उंचीच्या रेघा सोडतो, ०.४ रेडियस दुप्पट. तरी लांब, बारीक जॉबला लहान रेडियसच बरा. मोठ्याने जॉब थरथरतो.

धार लावताना एचएसएस वरचेवर पाण्यात बुडवावे. कार्बाइड टिपला हिरवे सिलिकॉन कार्बाइड चाक लागते, आणि ती गरम असताना पाण्यात बुडवली तर तडकते.

टूल सेंटरला, म्हणजे जॉबच्या मध्याच्या उंचीला, आहे का, हे पाहायला टूलचे टोक आणि जॉब यांच्यात पातळ स्टीलची पट्टी हलकेच दाबावी. पट्टीचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे, त्याखालचे पॅकिंग वाढवावे. जॉबकडे झुकले तर टूल वर आहे. फेसिंगला (जॉबचे टोक सपाट करताना) खाली राहिलेले टूल मध्ये बोंड सोडते. टर्निंगला (व्यास कमी करताना) वर गेलेले टूल कापण्याऐवजी घासते.

समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत होल्डरची सीट (इन्सर्टची बैठक) गंजते, मग इन्सर्ट पूर्ण टेकत नाही आणि फुटतो. पावसाळ्यात ती पुसून तेलाचा हात फिरवूनच ठेवावी.