वणव्यांचा धोका आणि कॅलिफोर्नियातील गृहविमा

रानातले वणवे वस्तीत शिरू लागल्याने घरांच्या विम्याचे दर, अटी आणि मुळात विमा मिळण्याची शक्यता यांत होत असलेला बदल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तो विशेष ठळकपणे दिसतो.

विम्यात अनेकांच्या हप्त्यांतून थोड्यांचे नुकसान भरून निघते. वणव्यात अख्खी वस्तीच एकदम जळते आणि हे गणित कोलमडते. नोव्हेंबर 2018 मधील 'कॅम्प फायर' नावाच्या वणव्याने पॅराडाइज हे गाव जवळजवळ पुसून टाकले. 85 माणसे गेली, 18,000 हून अधिक बांधकामे खाक झाली. दाव्यांच्या भाराने एक छोटी विमा कंपनीही बुडाली.

पेच मात्र त्याआधीचा आहे. 1988 मध्ये मतदारांनी संमत केलेल्या 'प्रस्ताव 103'मुळे दरवाढीला विमा आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. वणव्यांचा भार हप्त्यात धरताना कंपन्यांना किमान मागील 20 वर्षांच्या नुकसानीची सरासरी घ्यावी लागे. पुनर्विम्याचा, म्हणजे विमा कंपनी स्वतःच्या जोखमीसाठी दुसऱ्या कंपनीकडे उतरवते त्या विम्याचा, खर्च त्यात मिळवता येत नसे. ग्राहकाला अवाच्या सवा दरांपासून वाचवणारी ही व्यवस्था रास्तच होती. पण हवामान पालटले, डोंगरउतारांवर घरे वाढली आणि मागचा अनुभव पुढच्याचा अंदाज देईनासा झाला. कंपन्या जुन्या पॉलिसींचे नूतनीकरण नाकारू लागल्या. मे 2023 मध्ये 'स्टेट फार्म' या विमा कंपनीने घरविम्याचे नवे अर्ज घेणे थांबवले. कर्जावरच्या घराला बँक विमा सक्तीचा करते, त्यामुळे विमा सुटला की घर विकणेही अवघड होते.

ज्यांना असा विमा मिळत नाही, त्यांच्यासाठी 1968 पासून 'फेअर प्लॅन' ही योजना आहे. हा सरकारी निधी नव्हे; राज्यातील विमा कंपन्या मिळून तो चालवतात. त्यात मुख्यतः आग आणि धूर यांचे संरक्षण मिळते. चोरी किंवा नळगळतीसाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील पॅलिसेड्स आणि ईटन वणव्यांत 16,000 हून अधिक बांधकामे नष्ट झाल्यावर या योजनेने सदस्य कंपन्यांकडून 1 अब्ज डॉलर मागितले. त्यातला निम्मा भार कंपन्यांना आपल्या ग्राहकांवर टाकता येतो, म्हणजे रानापासून दूर राहणाराही त्यात वाटेकरी होतो.

डिसेंबर 2024 च्या नियमांनी भावी धोक्याची संगणकीय प्रारूपे आणि पुनर्विम्याचा खर्च दरांत धरण्यास मुभा दिली. बदल्यात कंपन्यांनी धोक्याच्या भागांत अधिक विमे उतरवायचे आहेत.

घरे बहुधा ज्वाळांनी नव्हे, वाऱ्यावर उडालेल्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणून न पेटणारे छप्पर, झरोक्यांना बारीक जाळी आणि भिंतीलगतची पाच फूट जागा पालापाचोळ्याविना ठेवणे यांसाठी 2022 पासून हप्त्यात सवलत देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. मात्र हे सारे करूनही पॉलिसी मिळेलच याची हमी नाही. या व्यवस्थेतली सर्वांत अन्यायाची उणीव हीच.