नऊवारी आणि 'होल नाईन यार्ड्स'

भाचीच्या लग्नासाठी नऊवारी घ्यायला ठाण्यात जांभळी नाक्यावर गेलो होतो. दुकानदाराने साडी गादीवर उलगडली, पट्टी लावून मोजली, सव्वाआठ मीटर भरली. भाची एकदम म्हणाली, "मावशी, इंग्रजीत सगळंच्या सगळं या अर्थी 'द होल नाईन यार्ड्स' म्हणतात ना, ते आपल्या नऊवारीवरूनच आलं असणार गं!"

ऐकायला गोड वाटतं. नऊ वार म्हणजे २७ फूट, हिशेबही चोख. पण दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची गोष्टही इतकीच चोख आहे : मशीनगनचा गोळ्यांचा पट्टा २७ फुटांचा, तो पूर्ण झाडला की 'होल नाईन यार्ड्स'. घोडबंदर रोडवर दिसतात तसल्या काँक्रीटच्या गाड्यांवरूनही कोणी हे मूळ सांगतं, त्यांत नऊ घनवार माल मावतो म्हणे.

भाषेचे अभ्यासक अशा वेळी आधी तारीख बघतात. १९०७ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मिचेल गावच्या वर्तमानपत्रात बेसबॉलच्या सामन्याची बातमी आली. खेळाडू झेपतील तेवढे डाव खेळतील, पण 'फुल नाईन यार्ड्स'ची हमी देता येत नाही, असं त्यात छापलंय. महायुद्ध तेव्हा ३२ वर्षं लांब होतं, त्यामुळे गोळ्यांचा पट्टा बाद. पुढे १९१२ मध्ये केंटकीतलं एक वर्तमानपत्र त्याच अर्थाने 'होल सिक्स यार्ड्स' लिहितं. म्हणजे सहावारीही चालत होती! मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. खरोखरच नऊ वारांच्या एखाद्या वस्तूवरून हे आलं असतं, तर सहावर कोणाचं भागलं नसतं. इथे आकडा बोलण्याला जोर यावा म्हणून येतो, आणि असा आकडा सहज बदलतो. 'पुष्कळ' या अर्थाच्या 'अम्प्टीन' या इंग्रजी शब्दात तर आकडाच नाही, नुसतं थर्टीन-फोर्टीनचं शेपूट आहे.

मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. "सतराशे साठ कामं पडलीत", "असे छप्पन बघितलेत" असं आपण रोज म्हणतो, मोजायला कोणी बसत नाही.

रात्री भाचीचा फोन आला. एका मैलात १७६० वार असतात, म्हणून 'सतराशे साठ' तिथूनच आलं, असं ती ठासून सांगत होती. मी म्हटलं, मराठीत ते पहिल्यांदा कधी छापलं गेलं, ते आधी शोध. आता लग्नाच्या गडबडीतही ती जुनी पुस्तकं चाळत बसते.