मेथॅनॉलबाधेतील दृष्टिनाश व त्यावरील उपचार

मेथॅनॉल (मेथिल अल्कोहोल, काष्ठ-अल्कोहोल) शरीरात गेल्याने दृष्टिपटलाला व दृक् तंत्रिकेला, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेला, इजा होऊन दृष्टी मंदावते किंवा पूर्ण जाते. भेसळीची दारू हे याचे नेहमीचे कारण असले, तरी काच पुसण्याचे द्रव किंवा रंग विरळ करण्याचे द्रावण चुकून पिण्यात आल्यानेही ही बाधा होते. सुमारे १० मिलिलिटर शुद्ध मेथॅनॉल कायमचे अंधत्व आणण्यास पुरेसे ठरू शकते.

मेथॅनॉल मूळ रूपात फारसे घातक नसते. यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एंझाइम त्याचे फॉर्माल्डिहाइड करते आणि त्यापासून पुढे फॉर्मिक आम्ल तयार होते. हे आम्ल पेशींच्या तंतुकणिकांतील (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांतील) सायटोक्रोम ऑक्सिडेज या एंझाइमला अडवते, त्यामुळे रक्तात ऑक्सिजन भरपूर असूनही पेशींना तो वापरता येत नाही. ऊर्जेची सतत गरज असलेल्या दृक् तंत्रिकेला याची झळ लवकर लागते. हे रूपांतर सावकाश होत असल्याने पहिले १२ ते २४ तास रोग्याला विशेष काही जाणवत नाही, आणि सोबत साधी दारू घेतलेली असेल तर हा अवधी आणखी लांबतो. पुढे मळमळ, पोटदुखी, डोकेदुखी व धाप सुरू होते. दिसण्याच्या तक्रारीत रोगी बहुधा धुके किंवा पांढरे बर्फ पसरल्यासारखे वाटते असे सांगतो. बॅटरीचा झोत टाकल्यावर बाहुल्या विस्फारलेल्या आढळतात व त्या आळसावल्यासारख्या हळू आकुंचन पावतात किंवा मुळीच हलत नाहीत. नेत्रतळ (डोळ्याच्या आतला मागचा भाग) मात्र सुरुवातीला अगदी निरोगी दिसू शकतो, आणि तेवढ्यावरून रोग्याची तक्रार खोटी ठरवणे ही मोठी चूक होय.

या दृष्टिनाशाचा खरा उपचार डोळ्यावर नव्हे, रक्तावर होतो. थेंब किंवा चष्मा यांचा येथे काही उपयोग नाही. रक्तातील मेथॅनॉल मोजण्याची सोय बऱ्याच ठिकाणी नसते, म्हणून रक्ताची आम्लता, ॲनायन गॅप (रक्तातील धन व ऋण आयनांच्या मोजमापातील तफावत) व ऑस्मोलल गॅप (रक्तात विरघळलेल्या कणांच्या मोजलेल्या व हिशेबाने येणाऱ्या प्रमाणातील तफावत) यांवरून अंदाज बांधतात आणि संशय बळावताच, अहवालासाठी न थांबता, उतारा सुरू करतात. फोमेपिझोल हे औषध वरील यकृती एंझाइमला रोखून धरते. ते शिरेतून प्रथम दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम व नंतर दर १२ तासांनी १० मिलिग्रॅम या प्रमाणात दिले जाते. ते न मिळाल्यास इथेनॉल, म्हणजे पिण्याच्या दारूतील अल्कोहोल, उतारा म्हणून वापरतात, कारण या एंझाइमची ओढ मेथॅनॉलपेक्षा इथेनॉलकडे कितीतरी जास्त असते. रक्तात दर १०० मिलिलिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम ही पातळी टिकवावी लागते आणि त्यासाठी ती वारंवार मोजून मात्रा बदलावी लागते, त्यामुळे हे काम रुग्णालयातच व्हावे लागते. दोन्ही उतारे नवे विष तयार होणे थांबवतात. आधीच तयार झालेल्या आम्लावर त्यांचा परिणाम होत नाही.

त्या आम्लासाठी शिरेतून सोडिअम बायकार्बोनेट देतात, आणि दृष्टीच्या दृष्टीने ही साधी वाटणारी गोष्ट फार मोलाची आहे. रक्त जितके आम्ल, तितके फॉर्मिक आम्ल विद्युतभाररहित रूपात राहून पेशींत सहज शिरते. रक्ताचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७.३ च्या वर आणला की ते आयनरूपात जाते व त्याचा पेशींतील शिरकाव कमी होतो. फॉलिनिक ॲसिड हे फोलेट जीवनसत्त्वाचे रूप फॉर्मिक आम्लाचे कार्बन डायऑक्साइड व पाण्यात रूपांतर होण्यास मदत करते. मेथॅनॉल व फॉर्मिक आम्ल दोन्ही शरीराबाहेर काढण्याचा खात्रीचा मार्ग हेमोडायलिसिसचा, म्हणजे यंत्राने रक्त गाळून शुद्ध करण्याचा. तीव्र आम्लता, झटके किंवा बेशुद्धी यांबरोबरच नव्याने उद्भवलेला दृष्टिदोष हेही ते करण्यास पुरेसे कारण मानले जाते. डायलिसिसमध्ये उतारादेखील रक्तातून निघून जातो, म्हणून त्या काळात त्याची मात्रा वाढवावी लागते.

विष उतरल्यानंतर थेट दृक् तंत्रिकेसाठी करण्याजोगे थोडेच उरते. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मोठ्या मात्रेत काही दिवस शिरेतून देण्याचा प्रघात आहे आणि एरिथ्रोपोइटिन या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाचाही प्रयोग झाला आहे. काही रोग्यांना सुधारणा जाणवते. परंतु उपचाराविनाही काहींची दृष्टी अंशतः परतत असल्याने तिचे श्रेय औषधाला देताना सावध राहावे लागते, आणि आजचा पुरावा तरी ठाम शिफारस करण्याइतका भक्कम नाही.

पहिल्या काही दिवसांत परतलेली दृष्टी टिकेलच असे नसते. आरंभी लालसर व सुजलेली दृक् तंत्रिकेची चकती (नेत्रतळात दिसणारे तिचे टोक) काही आठवड्यांनी फिकट पडून खोलगट होऊ शकते आणि मधल्या दृष्टिक्षेत्रात अंध डाग कायम राहतो. चेक प्रजासत्ताकात २०१२ साली झालेल्या सामूहिक विषबाधेतून वाचलेल्यांची पुढे अनेक वर्षे तपासणी झाली. दृष्टिपटलातील तंतूंचा थर काहींमध्ये दीर्घकाळ विरळ होत गेल्याचे तीत आढळले. त्यामुळे घरी गेलेल्या रोग्याची दृष्टिक्षेत्र चाचणी व या थराची जाडी मोजणारी ओसीटी तपासणी ठरावीक अंतराने करतात, आणि दृष्टी फारच कमी उरली असल्यास भिंग, पांढरी काठी व बोलणारी उपकरणे वापरण्याचे प्रशिक्षण देतात.