पाच जण पळतात, बघणारा एकच: जो बरो आणि २०१९ च्या एलएसयूचं गणित

२०१८ च्या सीझनमध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, म्हणजे एलएसयूचा, अमेरिकन फुटबॉल खेळणारा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) जो बरो याने टाकलेल्या शंभर पासांपैकी साधारण ५८ झेलले जायचे, आणि अख्ख्या सीझनचे टचडाऊन पास, म्हणजे बॉल थेट विरोधकांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून गुण मिळवून देणारे, होते १६. वाईट नाही, पण कुणी लेख लिहावा असंही काही नाही. पुढच्या वर्षी तोच मुलगा, तेच कॉलेज, तोच हेड कोच एड ओरजरॉन, आणि आकडे बघा: शंभरातले ७६ पास पूर्ण, ५,६७१ यार्ड, ६० टचडाऊन पास (वरच्या डिव्हिजनमधला तेव्हाचा रेकॉर्ड) आणि विरोधकांच्या हातात पडलेले फक्त ६. टीम १५ पैकी १५ मॅच जिंकली. एका वर्षात माणसाचा हात इतका सुधारत नाही राव. मग बदललं काय?

ज्यांना हा खेळ म्हणजे हेल्मेट घालून केलेली मारामारी वाटते त्यांच्यासाठी दोन ओळी. दोन्हीकडे ११-११ जण, आक्रमण करणाऱ्यांना १० यार्ड पुढे जायला ४ चान्स, ते जमलं की पुन्हा ४. मधला लाइनमन पायांमधून बॉल मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात, आणि तिथून क्वार्टरबॅकचं घड्याळ सुरू. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत सुटलेली असतात, आपले ५ लाइनमन त्यांना अडवतात, आणि हे अडवणं साधारण अडीच-तीन सेकंद टिकतं. तेवढ्यात ठरवायचं की बॉल कुणाला द्यायचा. बाकी नियम पोथीभर आहेत, आज त्यांची गरज नाही.

आता अडीच सेकंदांत माणसाचं डोकं किती काम करू शकतं ते बघू, कारण सगळी गंमत तिथंच आहे. काहीतरी दिसलं आणि हात हलला एवढ्यालाच सेकंदाचा पाव भाग जवळजवळ जातो, तेही काय करायचं ते आधीच ठरलेलं असेल तर. पर्याय वाढले की वेळ वाढतो, हे विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये प्रयोग करून दाखवलं. वेळ पर्यायांच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, लॉगरिदमने वाढतो, म्हणजे पर्याय दुप्पट झाले की दरवेळी ठरावीक तेवढीच भर पडते, पण पडते. त्यात डोळ्यांची वेगळीच भानगड. आपल्याला एका वेळी स्वच्छ दिसतं ते हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोड्या मोठ्या भागातलंच, बाकी सगळं धूसर असतं आणि मेंदू ते सांधून घेतो. नजर एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी मारते, सेकंदाला साधारण ३ ते ४ वेळा, आणि प्रत्येक उडीच्या दरम्यान आपण क्षणभर जवळजवळ आंधळेच असतो. मग ४९ मीटर रुंद मैदानावर पाच दिशांना पळणारे पाच रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, आणि त्यांच्यामागे लागलेले सहा-सात जण, हे सगळं बघून, तोलून, निवडून बॉल टाकायचा म्हटलं तर हिशोब बसतच नाही. क्वार्टरबॅक सगळं मैदान बघतो वगैरे कॉमेंटेटर म्हणतात ते म्हणू द्या, शरीरशास्त्राला ते मान्य नाही.

त्यामुळे चांगलं आक्रमण म्हणजे क्वार्टरबॅकला जास्त बघायला लावणारं नव्हे, कमी बघून भागेल असं. एलएसयूने २०१९ च्या सुरुवातीला नेमकं यासाठीच जो ब्रेडी नावाचा जेमतेम तिशीला टेकलेला कोच आणला. त्याआधी तो न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक टीममध्ये ज्युनियर असिस्टंट होता आणि त्याही आधी पेन स्टेट युनिव्हर्सिटीत. मुख्य ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण आखणारे कोच, होते स्टीव्ह एन्समिंगर, जे स्वतः सत्तरच्या दशकात एलएसयूचे क्वार्टरबॅक होते. म्हणजे एक जुना घरचा माणूस आणि एक नवा बाहेरचा, आणि दोघांचं पटलं, जे कुठल्याही ऑफिसात दुर्मिळच.

त्यांनी केलेली मोठी गोष्ट ऐकायला अगदी बाळबोध आहे: पास टाकताना झेलू शकणाऱ्या पाचही जणांना पळायला पाठवायचं. एलएसयूची जुनी पद्धत अशी की क्वार्टरबॅकच्या रक्षणाला पाच लाइनमनच्या जोडीला एक-दोन जण मागे ठेवायचे, धावायचा खेळ जास्त, पास गरजेपुरता. आता रक्षणाला फक्त पाच. धोका वाढला की नाही? वाढला, पण गणित करा. बचावाकडे ११ जण. पाच रिसीव्हरांमागे एकेक माणूस लावला, एक सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा राखणदार, ठेवला, तर क्वार्टरबॅकवर सोडायला उरतात ५, आणि आपले लाइनमनही ५. त्यांनी सहावा पाठवला तर मागे मोठं भगदाड पडतं आणि बॉल पटकन सुटला तर तो सहावा माणूस वायाच गेला. म्हणजे प्रश्न सोडवायची जबाबदारी क्वार्टरबॅकवरून उचलून बचावावर टाकली. अर्थात हे चालायला लाइनमन तसे लागतात, आणि त्या वर्षीचं देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनचं जो मूर अवॉर्ड एलएसयूच्याच लाइनला मिळालं, हे लोक विसरतात कारण लाइनमनचे फोटो कुणी लावत नाही.

यातला मला सगळ्यात आवडणारा प्रकार स्नॅपच्या आधीचा आहे. क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर हा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, बुटका, गोटीबंद, नेहमी क्वार्टरबॅकच्या बाजूला उभा राहणारा. स्नॅपच्या आधी बरो त्याला तिथून हलवून पार साइडलाइनजवळ पाठवायचा, आणि मग बघायचं की त्याच्यामागून कोण जातंय. मधला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) आपली जागा सोडून निमूटपणे त्याच्यासोबत बाहेर गेला तर समजायचं की आज माणसाला माणूस बांधलाय, मॅन कव्हरेज. कुणी हललंच नाही आणि बाहेरचा कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा राखणदारच, त्याच्यासमोर उभा राहिला तर प्रत्येकाला मैदानाचा तुकडा वाटून दिलाय, झोन. बॉल अजून जमिनीवर आहे, घड्याळ सुरू झालेलं नाही, आणि अर्धं उत्तर हातात. बचाववाले खोटं बोलायचा प्रयत्न करतात, नाही असं नाही, पण एवढा लांब माणूस गेल्यावर किती खोटं बोलणार? वर तो लाइनबॅकर बाहेर ओढला गेला की मध्यभागी जागा रिकामी, तिथे रिसीव्हर जस्टिन जेफरसन.

दुसरी युक्ती आरपीओ, म्हणजे रन-पास ऑप्शन. पळायचं की पास टाकायचा हे हडलमध्ये, म्हणजे डावाआधीच्या घोळक्यात, ठरत नाही, स्नॅपनंतर एकाच माणसाकडे बघून ठरतं. बरो बॉल रनिंग बॅकच्या पोटाशी नेतो, डोळे मात्र एका लाइनबॅकरवर. तो पुढे आला तर बॉल काढून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेत पास. तो मागे राहिला तर बॉल तिथेच सोडायचा, पळ बाबा. त्या लाइनबॅकरची अवस्था लग्नात दोन्हीकडून नातं लागणाऱ्या माणसासारखी, कुठल्याही बाजूला बसला तरी रुसवा ठरलेला. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर हिकच्या नियमातले पर्याय पाचावरून दोनावर आले, आणि बघायची जागाही एकच, नजरेच्या उड्या नाहीत. कॉलेजचे नियमही इथे मदतीला येतात: पास सुटायच्या आधी लाइनमनना ३ यार्ड पुढे जाता येतं, व्यावसायिक लीगमध्ये फक्त १, त्यामुळे कॉलेजमध्ये हे सोंग जास्त वेळ वठवता येतं.

मैदानावर आखलेल्या हॅश मार्कच्या दोन ओळींचाही यात हात आहे. मैदान १६० फूट रुंद. कॉलेजमध्ये या ओळी एकमेकींपासून ४० फुटांवर, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये साडेअठरा. आधीचा डाव कडेला संपला की पुढचा स्नॅप जवळच्या ओळीवरून, म्हणजे कॉलेजमध्ये एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट मोकळं. बचावाला कायम एका वाकड्या मैदानाची राखण करावी लागते, आणि रुंद बाजूला जमार चेससारखा रिसीव्हर एकटा सोडला तर काय होतं ते त्याच्या त्या वर्षीच्या १,७८० यार्डांवरून कळतं.

आता डोक्याच्या आतलं. ठरवणं सोपं केलं तरी ओळखणं राहतंच, आणि इथे बुद्धिबळाचा एक प्रयोग कामाला येतो. १९७३ मध्ये विल्यम चेस (जमारचा नातेवाईक नाही, योगायोग) आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना पट काही सेकंद दाखवून झाकला आणि मांडायला सांगितला. खऱ्या डावातला पट असेल तर मास्टर बहुतेक सोंगट्या बरोबर लावायचा, नवखा चार-पाचांवर अडकायचा. पण सोंगट्या कशाही विखुरलेल्या असल्या की मास्टरचा फायदा जवळजवळ संपायचा. म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही दैवी नव्हती, तो सुट्या सोंगट्या बघतच नव्हता, ओळखीचे गट बघत होता. क्वार्टरबॅकचंही तेच. दोन सेफ्टी खोल उभे आणि कॉर्नर जरा तिरका, हे त्याला सुटे तीन खेळाडू दिसत नाहीत, एक ओळखीचं चित्र दिसतं. बरोचे वडील जिम बरो तर कॉलेज टीमचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते, बचाव रचणं हा त्यांचा धंदा, पोरगं त्याच वातावरणात वाढलं. ही चित्रं त्याच्या डोक्यात लवकर साठली असणार असं मला वाटतं, सिद्ध मात्र करता येणार नाही.

आणि मग बॉल सोडायची वेळ. समजा रिसीव्हर २० मीटर लांब आहे आणि बॉल सरासरी सेकंदाला २० मीटर वेगाने जातोय. पोचायला एक सेकंद. तेवढ्यात पूर्ण वेगात पळणारा रिसीव्हर ८ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे तो मोकळा झाल्यावर बॉल टाकला तर उशीर झाला, तो मोकळा होणार आहे हे धरून आधीच टाकायचा, जिथे आत्ता कुणीच नाही तिथे. क्रिकेटच्या बॅट्समनवर मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी २००० मध्ये केलेलं काम याच जातीचं: बॅट्समन बॉल शेवटपर्यंत बघत नाही, हातातून सुटताना बघतो आणि मग नजर थेट टप्पा पडणार त्या जागी उडी मारते, आणि बॅट्समन जितका चांगला तितकी ही उडी आधी. बरोचा हात काही तोफ नव्हता, खेळाडू हेरणारे स्काउट लोक तेव्हाही हे म्हणायचे, आणि २०२० च्या ड्राफ्टआधी (एनएफएल टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) त्याचा पंजा ९ इंच भरला, लहान आहे म्हणून चर्चा झाली तर त्यानेच रिटायर होतो म्हणून थट्टा केली. हात अर्धा सेकंद वाचवू शकत नाही, डोकं वाचवतं.

(बॉलच्या फिरकीवरही बोलायला हवं खरं तर. साधारण ४०० ग्रॅमचा बॉल सेकंदाला दहाएक गिरक्या घेत जातो, फिरणाऱ्या वस्तूने आपला अक्ष सोडू नये हा नियम, मग वर तोंड करून सुटलेल्या बॉलचं नाक खाली येताना खाली कसं वळतं? हवेचा दाब त्या नाकाला मार्गाभोवती हळूहळू फिरवत नेतो म्हणून. याचा सोपा हिशोब तीन भौतिकशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडला, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

हे सगळं एका ठिकाणी बघायचं असेल तर ७ सप्टेंबर २०१९, ऑस्टिन, टेक्सासविरुद्धची मॅच. शेवटची काही मिनिटं, एलएसयू ३७-३१ ने पुढे, तिसरा चान्स आणि अजून १७ यार्ड काढायचे बाकी. जुनी एलएसयू असती तर बॉल पोटाशी धरून घड्याळ पळवलं असतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक कोचनी तेच केलं असतं. यांनी पास लावला. टेक्सासने जादा माणसं अंगावर सोडली, बरो धक्का बसायच्या आत बाजूला सरकला आणि बॉल मध्ये जेफरसनकडे, जो पुढे पळतच सुटला, ६१ यार्ड, टचडाऊन. मॅच ४५-३८. जादा माणूस पाठवला की मागे भगदाड पडतं, हे वर कागदावर केलेलं गणितच तिथे गवतावर झालं. पुढे डिसेंबरमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध तर बरोने पहिल्या हाफमध्येच ७ टचडाऊन पास टाकले, स्कोअर ६३-२८, आणि १३ जानेवारी २०२० ला न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेमसनला ४२-२५ ने हरवून चॅम्पियनशिप.

आता शंका काढणाऱ्याने काढावीच: हे सगळं पद्धतीमुळे, की माणसांमुळे? चेस आणि जेफरसन हे दोघे पुढे एनएफएलचे पहिल्या फळीतले रिसीव्हर झाले, एवढी भारी माणसं एकाच कॉलेजात एकाच वर्षी असणं ही लॉटरीच. बरोचं त्या कॉलेजातलं दुसरं वर्ष होतं, सवय झाली होती, तेही धरायला हवं. प्रयोगशाळेत आपण एकेक गोष्ट बदलून बघतो, इथे सगळं एकदम बदललं आणि मग सगळं एकदम गेलंही. बरो ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर सिनसिनाटीला, जेफरसन मिनेसोटाला, एडवर्ड्स-हेलेअर कॅन्सस सिटीला, ब्रेडी कॅरोलायनाला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून, आणि चेसने कोविडच्या वर्षी खेळायचंच नाही असं ठरवलं. २०२० मध्ये एलएसयू ५ जिंकली, ५ हरली. त्यातली पहिलीच मॅच घरच्या मैदानावर मिसिसिपी स्टेटशी, तिथे पास-आक्रमणाचा जुना उस्ताद माइक लीच नुकताच कोच होऊन आलेला, आणि त्याच्या क्वार्टरबॅकने एलएसयूच्या माणसाला-माणूस बचावावर ६२३ यार्ड काढले, त्यांच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे कॉलेजांच्या गटाचा, एका मॅचचा रेकॉर्ड, निकाल ४४-३४.