मेक्सिको सिटी मेट्रोची स्थानकचिन्हे

मेक्सिकोच्या राजधानीतील मेट्रो रेल्वेत प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर स्वतःचे एक चित्रही दिलेले असते. नाकतोडा, बदक, घंटा, तोफ, सफरचंदांची पेटी अशी ही चित्रे फलाटावरच्या पाट्यांवर आणि मार्गांच्या नकाशांवर दिसतात. ४ सप्टेंबर १९६९ रोजी सारागोसा ते चापुल्तेपेक हा १६ स्थानकांचा पहिला मार्ग सुरू झाला, तेव्हापासून ही पद्धत अखंड चालू आहे. सार्वजनिक सेवेचे डिझाइन नेमके असूनही किती मायेचे असू शकते, याचे इतके चांगले उदाहरण विसाव्या शतकात क्वचितच सापडेल.

या चिन्हांचा कर्ता लान्स वायमन (जन्म १९३७) हा अमेरिकन ग्राफिक डिझायनर. १९६८ च्या ऑलिंपिकचे काम मिळवण्यासाठी तो १९६६ मध्ये पीटर मर्डॉक या सहकाऱ्यासह मेक्सिकोत आला. वीचोल या आदिवासी समाजाच्या धाग्यांच्या चित्रांत एका रेषेला लगटून दुसरी रेषा जाते, आणि अशा रेषांनी सारा आकार भरत जातो. ऑलिंपिकची पाच वर्तुळे व ६८ हा आकडा एकत्र गुंफणारे त्याचे गाजलेले बोधचिन्ह त्या रेषांशी नाते सांगते. त्यानंतर मेट्रोचे काम त्याच्याकडे आले. आर्तुरो किन्योनेस आणि फ्रान्सिस्को गायार्दो हे मेक्सिकन डिझायनर या कामात त्याच्याबरोबर होते, आणि त्यांचा उल्लेख टाळून सगळे श्रेय एकट्या वायमनला देणे योग्य नाही.

त्या काळी मेक्सिकोतील सुमारे पाव प्रौढ लोकसंख्येला लिहिता-वाचता येत नव्हते. खेड्यांतून रोज माणसे कामासाठी राजधानीत येत होती. त्यांना जमिनीखाली उतरून योग्य ठिकाणी बाहेर पडता यावे, ही चित्रांमागची पहिली गरज. आपल्याकडे १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेट्यांवर चिन्हे आली, तीही अशाच अडचणीतून. मात्र निवडणूक चिन्हाचा उमेदवाराशी अर्थाने संबंध असतोच असे नाही. मेट्रोच्या चिन्हांचा आपापल्या जागेशी असतो, आणि त्यांचे मोठेपण इथेच आहे.

चिन्ह ठरवताना त्या वस्तीची आठवण शोधली गेली. चापुल्तेपेक म्हणजे नाकतोड्यांची टेकडी, म्हणून तिथे नाकतोडा. ला मेर्सेद हा शहराचा मोठा बाजार, म्हणून फळांनी भरलेली लाकडी पेटी. कांदेलारिया भागात पूर्वी तळ्याचे पाणी होते आणि तिथे बदके असत. तळे गेले, बदक चिन्हात राहिले. इन्सुर्खेन्तेस स्थानकावर १८१० च्या स्वातंत्र्यलढ्याची हाक देणारी दोलोरेसची घंटा आहे. साल्तो देल आग्वाला, जुना जलवाहक पाट जिथे संपत असे तिथले कारंजे आहे.

पिनो सुआरेसची कथा सर्वांत सुंदर आहे. १९६७ मध्ये खोदकाम चालू असताना तिथे एहेकात्ल या वायुदेवतेचे गोल अॅझ्टेक मंदिर सापडले. ते जागच्या जागी राखून स्थानक त्याच्याभोवती बांधले गेले आणि मंदिरच स्थानकाचे चिन्ह झाले. गाडी बदलायला निघालेला प्रवासी आजही त्याच्या बाजूने जातो. पुढे चौथ्या मार्गाच्या खोदकामात मॅमथ या नामशेष हत्तीची हाडे निघाली, तेव्हा तालिस्मान स्थानकाला मॅमथ मिळाला.

चित्रांची घडण अतिशय काटेकोर आहे. गोलसर कोपऱ्यांचा चौकोन, त्यात सपाट पांढरी आकृती, मागे मार्गाचा रंग : पहिल्या मार्गाचा गुलाबी, दुसऱ्याचा निळा, तिसऱ्याचा हिरवा. छटा नाहीत, बारीक तपशील नाहीत. गर्दीत, चालत्या गाडीच्या खिडकीतून क्षणभर दिसले तरी ओळखू यावे इतकाच ऐवज ठेवलेला आहे. अक्षरांचे वळणही याच गोलाईचे आहे. निरक्षरांसाठी केलेली ही सोय भाषा न येणाऱ्या परदेशी पाहुण्याला, चष्मा घरी विसरलेल्या म्हाताऱ्या माणसाला आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलालाही तितकीच उपयोगी पडते. ‘बदकापाशी भेटू’ असे सांगता येणे ही एरवी कोरड्या वाटणाऱ्या वाहतूक व्यवस्थेत फार मोठी गोष्ट आहे. मुंबईत चिंचपोकळीच्या नावातच चिंच आहे, पण फलाटावरच्या पाटीवर तीन भाषांतील अक्षरांपलीकडे काही नसते. ही उणीव मेक्सिकोची चिन्हे पाहिल्यावर प्रकर्षाने जाणवते.

या मायेला एक मर्यादा आहे आणि ती सांगायलाच हवी. कोणती आठवण चित्रात येणार, हे सरकारी यंत्रणेच्या चौकटीत ठरत होते. २ ऑक्टोबर १९६८ रोजी, ऑलिंपिकला दहा दिवस उरले असताना, त्लातेलोल्को येथील चौकात लष्कराने आंदोलक विद्यार्थ्यांवर गोळीबार केला. त्या आंदोलनात विद्यार्थ्यांनी ऑलिंपिकचीच चित्रभाषा उलटवून वापरली होती. शांततेच्या कबुतरात संगीन घुसलेली दाखवणारे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. १९७० मध्ये त्लातेलोल्को स्थानक उघडले, तेव्हा त्याच्या चिन्हासाठी तिथली उंच कार्यालयीन इमारत निवडली गेली. जागेची आठवण जपणारी पद्धत त्या एका जागेपुरती गप्प बसली.

पुढच्या स्थानकांची चिन्हे मेक्सिकन डिझायनरांनी काढली. कोयोआकानचा कोयोटी आणि सापाता स्थानकावरची रुंद टोपी घातलेल्या क्रांतिकारकाची आकृती पहिल्या पिढीच्या तोडीची आहेत. आज १२ मार्गांवर १९५ स्थानके आहेत आणि प्रत्येकाला चिन्ह आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोबस सेवेनेही थांब्यांसाठी हीच रीत उचलली. जिथे इमारतींचे दर्शनी भाग किंवा थोरांचे अर्धपुतळे चितारले आहेत, तिथे चिन्हे एकमेकांसारखी दिसू लागतात आणि ओळख मंदावते. प्राणी, वनस्पती, हाताळायच्या वस्तू यांची चिन्हे मात्र पन्नासहून अधिक वर्षांनंतरही पहिल्या नजरेत ओळखू येतात.