शिकागोचा ब्लॅक बेल्ट

अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या साउथ साइडला स्टेट स्ट्रीटच्या आजूबाजूने उतरत गेलेला लांबट अरुंद पट्टा. साधारण १८९० नंतर शहरातले कृष्णवर्णीय लोक इथे एकवटत गेले आणि १९२० पासून पुढे तीसेक वर्षं त्यांना दुसरीकडे घर मिळणं जवळपास अशक्य होतं. पश्चिमेला वेंटवर्थ अ‍ॅव्हेन्यू आणि रेल्वेचे रूळ, पूर्वेला बराच काळ कॉटेज ग्रोव्ह अ‍ॅव्हेन्यू, अशी हद्द सगळ्यांना तोंडपाठ असायची. दक्षिणेची हद्द मात्र सरकत गेली.

नाव मूळचं शिकागोचं नाही. काळ्यांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की दक्षिणेतल्या काळ्या कसदार जमिनीच्या पट्ट्याला आधी मातीच्या रंगावरून हे नाव पडलं, त्याच जमिनीवर गुलाम सगळ्यात जास्त होते, म्हणून यादवी युद्धानंतर जिथे काळ्यांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त अशा जिल्ह्यांना राजकीय अर्थाने तेच नाव लावायला लागले. शिकागोत ते दक्षिणेतून आलेल्यांनी आणलं की गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी चिकटवलं यावर मतं वेगळी आहेत. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण १९३० च्या सुमारास वस्तीतल्याच पेपरवाल्यांनी ब्राँझव्हिल हे नाव पुढे आणलं आणि लोकांनी ते आनंदाने उचललं.

१८९० मध्ये शहराची वस्ती अकरा लाखांच्या घरात होती आणि त्यातले चारात तीनपेक्षा जास्त लोक एकतर परदेशात जन्मलेले किंवा अशा लोकांची मुलं होती: जर्मन, आयरिश, स्वीडिश, मग पोलिश, बोहेमियन, लिथुएनियन, इटालियन, ज्यू. काळे लोक त्या मानाने मूठभर, १९१० मध्ये ४४,१०३. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारी माणसं थांबली, कत्तलखान्यांना आणि पोलाद कारखान्यांना हात कमी पडायला लागले, आणि रॉबर्ट अ‍ॅबट यांचा शिकागो डिफेंडर हा पेपर रेल्वेतल्या पुलमन पोर्टरांच्या, म्हणजे झोपायच्या डब्यांतल्या काळ्या नोकरांच्या, हातून मिसिसिपी, अलाबामापर्यंत पोचून उत्तरेला या म्हणून सांगत होता, त्यामुळे इलिनॉय सेंट्रलच्या गाड्या भरभरून यायला लागल्या. १९२० ला काळ्यांचा आकडा १,०९,४५८ झाला, १९३० ला २,३३,९०३. माणसं पाचपट वाढली, जागा त्या मानाने वाढलीच नाही.

आता मुख्य वाद. १९२० च्या दशकातल्या शिकागो विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञांना, म्हणजे रॉबर्ट पार्क, अर्नेस्ट बर्जेस वगैरेंना, ब्लॅक बेल्ट हा इतर स्थलांतरितांच्या वस्त्यांसारखाच एक टप्पा वाटायचा: नवा माणूस आधी आपल्या लोकांत राहतो, हातात पैसा आला की बाहेर पडतो. पुढे इतिहासकार थॉमस फिलपॉट यांनी १९३० च्या जनगणनेचे आकडे भागाभागानुसार तपासले आणि हे चित्र टिकलं नाही. ज्याला आयरिश घेट्टो म्हणायचे तिथे शहरातले जेमतेम ३ टक्के आयरिश राहत होते आणि त्या भागातही ते एक तृतीयांशच होते. इटालियनांपैकी निम्मे त्यांच्या वस्तीत, पोलिश ६१ टक्के, पण शेजारी सगळे मिसळलेले. काळ्यांपैकी मात्र ९२.७ टक्के एकाच पट्ट्यात आणि त्या पट्ट्यात पाचात चार काळेच. म्हणजे फरक फक्त कमी-जास्तीचा नाही, वस्ती तयार होण्याची रीतच वेगळी आहे. मराठी माणसाला गावकुसाबाहेरची वस्ती पटकन आठवेल, ते साहजिक आहे, फक्त इथली रेघ परंपरेने आखून दिलेली नव्हती, ती एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत आखली गेली आणि कोणी आखली ते कागदोपत्री दिसतं.

ती राखायला हाणामारीही झाली. जुलै १९१७ ते मार्च १९२१ या काळात काळ्यांच्या घरांवर आणि त्यांना घरं विकणाऱ्यांवर ५८ बॉम्ब पडले. २७ जुलै १९१९ ला, रविवारी, काही काळी पोरं मिशिगन सरोवरात घरी बनवलेला तराफा घेऊन पोहत होती. त्यांच्या जागेला ती हॉट अँड कोल्ड म्हणायची, कारण एकीकडून दारूच्या कारखान्याचं गरम पाणी यायचं आणि दुसरीकडून बर्फाच्या कारखान्याचं गार. तराफा वाहत २९ व्या स्ट्रीटच्या गोऱ्यांच्या किनाऱ्याजवळ गेला, तिथून एकाने दगड मारले आणि १७ वर्षांचा यूजीन विल्यम्स बुडाला. कॉरोनरच्या, म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ज्युरीचं म्हणणं, अंगावर दगडाचा वळ नव्हता, दगडांच्या भीतीने तो किनाऱ्याला येऊ शकला नाही. जवळपास ५० वर्षांनी त्याच्या सोबतच्या मित्राने सांगितलं की दगड कपाळाला लागला आणि तो डोळ्यांदेखत खाली गेला. कॉरोनरची नोंद त्या वेळचीच असल्यामुळे बरेच संदर्भग्रंथ ती घेतात, पण पाण्यात त्याच्याजवळ कोण होतं हेही बघायला हवं. पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडलं नाही यावर मात्र दुमत नाही. पुढच्या आठवड्यात ३८ माणसं मेली, २३ काळे, १५ गोरे, आणि तरी अटक झालेल्यांत काळेच दुप्पट होते.

या दंगलीत शहराचं राजकारण सरळ दिसतं. वेंटवर्थच्या पलीकडच्या आयरिश भागात अ‍ॅथलेटिक क्लब नावाच्या टोळ्या होत्या, त्यांना वॉर्डातले डेमोक्रॅट पुढारी पैसा आणि संरक्षण द्यायचे, त्यातल्या रेगन्स कोल्ट्सचे पाठीराखे फ्रँक रेगन हे तर कुक काउंटीचे, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्याचे, निवडून आलेले कमिशनर होते. २ ऑगस्टला कत्तलखान्यांमागे लिथुएनियन लोकांची ४९ घरं जळाली, ९४८ जण बेघर झाले. आळ काळ्यांवर आला, पण हे तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्यांचं काम असावं असं ग्रँड ज्युरीलाही, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळालाही, वाटलं, पूर्व युरोपातले मजूर तोवर लांब राहिले होते, त्यांना भांडणात ओढायचं होतं असा अर्थ लावतात. याच टोळ्यांतल्या हॅम्बर्ग क्लबचा एक १७ वर्षांचा सभासद रिचर्ड डेली पुढे १९५५ ते १९७६ शहराचा मेयर होता.

काळ्यांची मतं त्या काळी रिपब्लिकनांना, मेयर विल्यम थॉम्सन यांना पडायची. एकाच पट्ट्यात कोंडल्याने सेकंड वॉर्ड हातात आला, १९१५ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट पहिले काळे अल्डरमन, म्हणजे नगरसेवक, झाले आणि १९२८ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले, उत्तरेतल्या राज्यातून जाणारे पहिलेच काळे सभासद.

बॉम्बपेक्षा कागद जास्त टिकला. वंशानुसार झोन पाडणारे नगरपालिकांचे कायदे सुप्रीम कोर्टाने १९१७ मध्ये रद्द केले, मग शेजाऱ्याशेजाऱ्यांनी आपसात करार करायची पद्धत आली आणि १९२७ मध्ये शिकागो रिअल इस्टेट बोर्ड या घर-जमिनीच्या दलालांच्या संघटनेने छापील नमुनाच काढला. एक अष्टमांश किंवा त्याहून जास्त काळं रक्त असलेल्याला घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. सूट फक्त तळघरात किंवा मागच्या गॅरेजवर राहणाऱ्या जॅनिटरला (इमारतीची देखभाल करणाऱ्याला), ड्रायव्हरला आणि घरातल्या नोकरांना. शहराचा ८० टक्के भाग अशा करारांखाली होता असं वर्षानुवर्षं छापून येतं. नंतरच्या संशोधकांनी दस्त मोजले तर प्रमाण बरंच कमी निघतं, ते जास्त भरवशाचं वाटतं, पण बेल्टच्या कडेच्या गल्ल्या जवळजवळ सगळ्या बांधलेल्या होत्या आणि तेवढं पुरेसं होतं. वॉशिंग्टन पार्कजवळच्या करारावर ९५ टक्के मालकांच्या सह्या हव्या होत्या, प्रत्यक्षात ५४ टक्क्यांच्या आसपासच होत्या, तरी आधीच्या एका खटल्यात तो वैध धरला गेला होता. १९३७ मध्ये कार्ल हॅन्सबेरी या काळ्या व्यावसायिकाने तिथे घर घेतलं, १९४० मध्ये तो सुप्रीम कोर्टात जिंकला, पण आधीच्या खटल्याचा निकाल त्याला बांधत नाही एवढ्याच मुद्द्यावर. असे करार कोर्टाने राबवायचे नाहीत हा निकाल यायला १९४८ उजाडलं.

तोवर आत काय चाललं होतं ते किचनेटवरून कळतं. सहा खोल्यांचा फ्लॅट मालक फळ्या मारून सहा कुटुंबांना द्यायचा, एकेका खोलीत शेगडी आणि खाट, संडास सगळ्यांत एक, आणि सगळ्यांचं भाडं मिळून आधीच्या गोऱ्या भाडेकरूपेक्षा जास्त.

महायुद्धानंतर सरकारी घरं बांधायची ठरली तेव्हा जागेला सिटी कौन्सिलची संमती लागेल असा नियम झाला, गोऱ्या वॉर्डातले अल्डरमन नाही म्हणायचे, म्हणून बहुतेक इमारती काळ्या वस्त्यांतच उभ्या राहिल्या. १९६२ मध्ये पुरे झालेले रॉबर्ट टेलर होम्स, १६ मजल्यांच्या २८ इमारती, त्याच स्टेट स्ट्रीटला होते.