मस्तिष्क तंत्रिकांची विरळ अर्बुदे : प्रतिमा-लक्षणे

मेंदूशी जोडलेल्या तंत्रिकांच्या १२ जोड्यांवरील श्वानोमांपैकी (तंत्रिकेभोवती आवरण घालणाऱ्या श्वान पेशींच्या गाठींपैकी) बहुतेक आठव्या, म्हणजे श्रवण-संतुलन तंत्रिकेवर होतात. बाकीच्या तंत्रिकांवर त्या विरळच. त्यांत पाचवीचा, म्हणजे चेहऱ्याची संवेदना आणि चावणे सांभाळणाऱ्या तंत्रिकेचा, क्रमांक पहिला. दृष्टितंत्रिकेला श्वान पेशींचे आवरण नसल्याने तिच्यावर ग्लायोमा (तंत्रिकेच्या आधारपेशींची गाठ) किंवा मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) आढळतो.

एमआरआयमध्ये श्वानोमा कुठल्याही तंत्रिकेवरची असो, दिसते जवळपास सारखीच : टी-२ चित्रात (टी-१ आणि टी-२ हे एमआरआय चित्रांचे दोन प्रकार) उजळ, गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर चांगली उठून दिसणारी, मोठी असेल तर आत द्रव साचलेल्या पोकळ्या. त्यामुळे गाठीच्या रंगापेक्षा ती कोणत्या वाटेने पसरली, ते पाहावे. पाचवीची गाठ कवटीच्या मधल्या आणि मागच्या खोबणीत पसरून डमरूसारखी दिसते. त्या बाजूचे चावण्याचे स्नायू सुकतात. सातवीची, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या तंत्रिकेची, गाठ आतल्या कर्णनलिकेत असेल, तर हुबेहूब आठवीची वाटते. पुढे या तंत्रिकेच्या हाडी नळीत शिरलेली दिसली, की उलगडा होतो. बारावीच्या, म्हणजे जीभ हलवणाऱ्या तंत्रिकेच्या, गाठीचा पुरावा जिभेत मिळतो : अर्धी जीभ चरबीने भरून टी-१ चित्रात पांढरी होते आणि रुग्ण उताणा असल्याने घशाकडे कलते. मेंदूचे स्कॅन वाचताना जीभ बघायची राहून जाते, हे मात्र खरे.

नववी, दहावी आणि अकरावी ज्यातून बाहेर पडतात, त्या कवटीच्या तळातल्या जुगुलर छिद्रापाशी सीटी हवाच. श्वानोमा छिद्र रुंदावते, पण कडा गुळगुळीत ठेवते. पॅराग्यांग्लिओमा ही रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ हाड कुरतडते. एमआरआयमध्ये तिच्यात वेगवान रक्तप्रवाहाचे काळे ठिपके दिसतात.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात आणखी एक शक्यता सतत डोक्यात ठेवावी लागते. तंबाखू, मशेरी, गुटखा यांमुळे होणारा तोंडाचा कर्करोग इथे नवा नाही. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग उपचार-संशोधन संस्था ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. तोंडाचा हा कर्करोग पाचवीच्या फांद्यांना धरून वर कवटीत चढू शकतो. तंत्रिका जाड, ती ज्यांतून कवटीबाहेर पडते ती छिद्रे रुंद, म्हणजे चित्र श्वानोमासारखेच. पण छिद्राच्या तोंडाशी एरवी दिसणारी चरबी नाहीशी झाली असेल, किंवा गालाचे, जबड्याचे जुने ऑपरेशन झाले असेल, तर आधी कर्करोगाचाच संशय घ्यावा. चिठ्ठीवर नुसते ‘ब्रेन एमआरआय’ लिहिलेले असले, की हा भाग जाड कापांत निसटतो. कवटीच्या तळाचे पातळ काप, चरबीचा उजळपणा दाबून, कॉन्ट्रास्टसह, असे स्पष्ट मागवावे आणि आधीच्या ऑपरेशनची माहिती चिठ्ठीवरच द्यावी.